तोंडावरच्या माणसाचं जेवण

टाकी साफ करायला दोन माणसं लागतात. एक आत उतरतो, दुसरा टाकीच्या तोंडावर उभा राहतो. आतला खरवडतो आणि बादली भरतो. तोंडावरचा ती कप्पीवरून ओढून घेतो, रिकामी करून परत सोडतो आणि मधल्या वेळात खाली बघत राहतो. हे नुसतं बघत राहणं काम आहे की नाही, यावरून टाकीवाल्याचं आणि त्याच्या मेहुण्याचं फाटलं.

टाकीवाला कुणाचा नोकर नव्हता. टाकीच्या तोंडावर मांडायची कप्पीची तिवई, दोर, पट्टे, हवा सोडायचा पंखा, सगळं त्याचं स्वतःचं. कारखान्यांची कंत्राटं घ्यायची, गावोगाव जायचं, तेलाच्या, गोंदाच्या, रंगाच्या टाक्या आतून नव्यासारख्या करून द्यायच्या. काम संपलं की तो भिंतीवरून उघडा हात फिरवायचा. एक पापुद्रा हाताला लागला तरी पुन्हा फावडं उचलायचा. काम कच्चं राहिलं म्हणून त्याला कुणी परत बोलावलंय, असं कधी झालं नाही. पण त्याच्या लेखी काम म्हणजे ज्याने सदरा पिळून काढायला लागतो ते. बाकी सगळी वेळ घालवण्याची सोंगं.

मेहुणा वर्षानुवर्षं तोंडावर उभा राहिला. एके दिवशी मजुरी वाटून देताना टाकीवाल्याचा हात अडला.

"तू दिवसभर काय करतोस रे?"

"तुम्हाला जिवंत ठेवतो."

"उभा राहून?"

"उभा राहून. बसलो तर तुम्ही दिसत नाही."

"उभा तर विजेचा खांबही असतो. त्याला मी मजुरी देतो का?"

"मग उद्यापासून खांबालाच सांगा दोर ओढायला," मेहुणा म्हणाला आणि डोक्याचा फडका झटकून चालता झाला. पुढच्याच आठवड्यात तो एका शाळेच्या फाटकावर राखणदार म्हणून बसला. बहिणीकडे यायचा, पण टाकीवाला घरी नसताना.

मेहुण्याचं म्हणणं वावगं नव्हतं. टाकीच्या तळाशी जो गाळ साचतो, तो हलवला की हवा बिघडते. आतल्या माणसाला डोकं जड वाटतं, मग बरं वाटतं, मग झोप येते. आपण गुंगतोय हे त्याला स्वतःला कळत नाही. ते वरच्याला कळावं लागतं. म्हणून दोराच्या खुणा ठरलेल्या असतात. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे बादली घे, तीन म्हणजे मला ओढ. म्हणूनच कुठलाही कारखाना एकट्या माणसाला टाकीत उतरू देत नाही आणि पैसे दोघांचे धरतो.

टाकीवाल्याला हे सगळं तोंडपाठ होतं. तरी त्याने दुसरा माणूस ठेवला नाही. सकाळी देखरेख करणारा साहेब परवान्यावर सही करायला आला, की तो म्हणायचा, "माझा माणूस चहा घेतोय, येतोच आहे." साहेब एकदा सही करून गेला, की संध्याकाळपर्यंत मागच्या अंगणात फिरकायचा नाही. मग टाकीवाला आपल्या पट्ट्याचा दोर कठड्याला बांधायचा, शिडीने उतरायचा, बादली भरायचा, शिडीने वर यायचा, बादली ओढायचा, ओतायचा, पुन्हा उतरायचा. दोघांचं काम एकट्याने. गुडघे बोलू लागले, पण त्यातही त्याला एक समाधान होतं. सदरा दुप्पट भिजत होता.

बायको शिवणकाम करायची. यंत्रावरून मान न उचलता तिने विचारलं, "अहो, तोंडावर आता कोण असतं?"

"ठेवलाय एक."

"कोण? कुठला?"

"बाहेरगावचा आहे. कमी बोलतो."

तिला बरं वाटलं. भाऊ बोलून बोलून डोकं खायचा, हे तिलाही माहीत होतं.

अडचण आली ती करभरणीच्या वेळी. त्याचे कागद एक हिशेबनीस बाई बघायची. जिन्याखालची अरुंद खोली, एक पंखा, आणि तिच्यासमोर टाचणीने टाचलेल्या त्याच्या खाणावळीच्या पावत्या.

"कामासाठी बाहेरगावी गेलात आणि तिथे जेवलात, तर तो धंद्याचा खर्च," ती म्हणाली. "तो उत्पन्नातून वजा होतो. घरचं जेवण धरत नाहीत. डबा नेलात तरी धरत नाहीत."

"ठाऊक आहे. म्हणून तर पावत्या आणल्या."

"आणल्यात, पण ही सगळी एकेका ताटाची. कारखाना तुम्हाला दोन माणसांचे पैसे देतो. जेवतो मात्र एकच. दुसरा काय हवा खाऊन राहतो?"

बाई थट्टेत बोलली, पण टाकीवाल्याच्या कानशिलाला घाम आला.

"राहिल्या असतील काही पावत्या," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी दोघांच्या आणा. त्याचंही जेवण तुमच्याच खर्चात धरता येईल. माणूस खराच कामावर असेल तर, म्हणजे."

"आहे ना. कमी बोलतो, म्हणून लक्षात येत नाही."

पुढचं काम गोंदाच्या कारखान्यात होतं. फाटकासमोर एका बाईची खाणावळ होती. चार बाकडी, एक ओटा, हात धुवायला मागे नळ. टाकीवाला तिला म्हणाला, "ताट एकच वाढा, पावती दोनाची द्या."

"न वाढलेल्या ताटाची पावती मी देत नाही," ती म्हणाली. "हात पोळून घेईन, पण खोटं लिहिणार नाही. दोन हवीत तर दोन वाढते. खा नाहीतर टाका."

"वाढा मग दोन."

तिने समोरासमोर दोन ताटं ठेवली. भात, रस्सा, भाजी, उकडलेलं अंडं, शेजारी पाण्याचा पेला. अन्न वाया जाणार म्हणून टाकीवाल्याला वाईट वाटलं. आधी आपलं संपवावं आणि मग जमेल तेवढं त्यातलं खावं, असं ठरवून तो हात धुवायला मागे गेला. गोंद नखांतून निघता निघत नव्हता. परत आला तेव्हा समोरचं ताट रिकामं होतं. रिकामं म्हणजे पुसून घेतल्यासारखं. अंड्याचा कणही नव्हता. पाण्याचा पेला मात्र काठोकाठ भरलेला.

"कुत्रं शिरलं का हो?" त्याने विचारलं.

"कुत्रं?" खाणावळवाली हसली. "तुमचा माणूस जेवून गेला की. दोन शब्द बोलेल तर शपथ. फारच कमी बोलतो. आणि पाण्याला हात लावला नाही त्याने."

टाकीवाल्याने रस्त्यावर नजर टाकली. ऊन रखरखत होतं. फाटकाशी राखणदार पेंगत होता. दुसरं कुणी नव्हतं. एखाद्या भुकेल्या फिरस्त्याने डाव साधला असेल, म्हणून त्याने विषय सोडला आणि दोघांची पावती खिशात घातली. खोटं काही नव्हतं. दोघं जेवले होते.

त्याच दुपारी तो टाकीत खरवडत असताना त्याच्या शेजारची भरलेली बादली हलली. आधी दोर ताठ झाला, मग बादली तळ सोडून संथपणे वर गेली, तोंडातून दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळाने रिकामी खाली आली. धक्का नाही, हेलकावा नाही. ओढणाऱ्याला दम लागल्याचा आवाज नाही. टाकीवाला धडपडत शिडी चढून वर आला. तिवई होती, गाळाचा ढीग होता, ढिगावर नुकताच ओतलेला गाळ चमकत होता. माणूस नव्हता.

दुसरा कुणी असता तर सामान उचलून घरी गेला असता. टाकीवाल्याने तिथे उभं राहून गुडघे चोळले. शिडीच्या त्या फेऱ्यांनी त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. तो परत खाली उतरला आणि बादली भरू लागला.

पुढे हेच सुरू झालं. गाव बदललं, कारखाना बदलला, तरी दोन ताटं मागवायची, हात धुवायला जायचं, परत यायचं तो समोरचं ताट लखलखीत आणि पाणी तसंच. दुपारी बादली आपली आपण वर जायची. कारखान्यांतले राखणदार त्याला संध्याकाळी "दोघं निघालात का?" विचारू लागले. एकाने तर त्याला अडवलं. "तुमचा माणूस अजून आत आहे."

"तो गेला मघाशीच."

"माझ्यासमोरून तर नाही गेला." राखणदार त्याच्या खांद्यावरून मागे बघत होता. "हां, आला बघा. जा आता."

टाकीवाला मागे न बघता निघाला. आपण का वळलो नाही, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. पोटाला खातो, अंगाने काम करतो, तर बिघडलं कुठे, असं तो स्वतःशी म्हणत राहिला. मजुरी मागत नाही, बडबड करत नाही. एवढा विश्वास बसला, की आपल्या पट्ट्याचा दोर कठड्याला बांधणंही त्याने सोडून दिलं. दोराचं टोक तो तिवईच्या कप्पीवरून टाकायचा आणि तोंडाशी मोकळं सोडून उतरायचा. खालून एक हिसका दिला, की वरून एक हिसका यायचा. ठीक आहे.

एकदा तो बाजारातून परतला तर बायको यंत्र बंद करून उंबऱ्याशी उभी होती.

"तुमचा तो माणूस आला होता."

"कोण माणूस?"

"तोंडावरचा. उद्याचं काम बाहेरगावी आहे ना, एवढंच विचारत होता. मी म्हटलं, आहे, या, बसा, दोन घास खाऊन जा. तर म्हणाला, घरचं धरत नाहीत."

टाकीवाल्याच्या हातातली पिशवी खाली आली. "काय म्हणाला?"

"घरचं जेवण धरत नाहीत. हे काय बोलणं झालं? आणि अहो, मी लोकांचे सदरे शिवते. त्याच्या सदऱ्याला कोपरावर एक सुरकुती नव्हती. हात वाकवतो की नाही तो? तळवे कोरडे. तुमच्या हाताचा काळा रंग साबणाने जात नाही, आणि तो तुमच्याबरोबर काम करतो?"

"दिसायला कसा होता?"

तिने रस्त्याकडे बघितलं. "आत्ता तर गेला," ती हळूच म्हणाली. "काही आठवत नाही बघा. तोंडच आठवत नाही."

"कामाचा माणूस आहे. तू तुझं शिवण बघ."

पण तिने शिवण बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती भावाच्या शाळेच्या फाटकावर गेली. "तुझं भांडण तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. "एकदा जाऊन बघ, ह्यांच्या टाकीवर कोण उभं असतं ते. मला ह्यांचा जीव हवाय." मेहुण्याने आधी नाक मुरडलं. "खांब ठेवला असेल," म्हणाला. ती हसली नाही. तिला न हसताना बघून त्याचंही हसू गेलं. सुटी मिळाली की जातो, असं त्याने कबूल केलं.

इकडे हिशेबनीस बाईने टाकीवाल्याला बोलावून सांगितलं, "नियम बदलला. यंदापासून जेवणाचा निम्माच खर्च धरतात."

"म्हणजे दोन ताटं खाल्ली तर एकाचे वजा होणार?"

"बरोबर. निम्मंच धरतात."

टाकीवाला उठला. जे धरलं जात नाही त्यावर पैसा घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. परत गोंदाच्या कारखान्याचं काम आलं, तेव्हा त्याने खाणावळवालीला सांगितलं, "माझं पूर्ण. समोरचं अर्धं वाढा."

"कष्टाच्या माणसाला अर्धं?" ती म्हणाली.

"कष्ट कुठले? उभाच तर असतो."

हात धुऊन तो आला तेव्हा अर्धा वाढलेला भात संपला होता. ताटाची रिकामी बाजू मात्र तशीच कोरडी होती, आणि पाण्याचा पेला ताटाच्या बरोब्बर मध्यावर आणून ठेवला होता.

त्या दुपारी बादली वर निघाली आणि निम्म्यावर थांबली. टाकीवाल्याच्या डोक्यावर लटकत राहिली. गाळाचा एक थेंब त्याच्या खांद्यावर पडला, मग दुसरा.

"ए, ओढ की!" तो ओरडला. इतक्या दिवसांत तो त्याच्याशी पहिल्यांदाच बोलला.

वरून काही नाही. बादली हलेना, डुलेना, उतरेना. तो राग गिळून शिडीने वर गेला, दोर धरला तर दोर लगेच मोकळा झाला, हाताला नुसतं बादलीचं वजन लागलं. आसपास कुणी नव्हतं. कामचुकार माणसाशी कसं वागायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "काम अर्धं तर उद्याही ताट अर्धंच," तो मोकळ्या अंगणाला म्हणाला आणि खाली उतरला.

दुसऱ्या दिवशीही ताट अर्धंच वाढलं गेलं. जेवून तो टाकीत गेला. तळाच्या कोपऱ्यात गाळाचा जुना थर दगडासारखा बसला होता. त्याने फावड्याची धार खाली घालून जोर लावला. थर फुटला आणि खालून गोडसर वास आला. डोकं जड झालं. फावडं टेकवून तो उभा राहिला. मग बरं वाटलं. फारच बरं वाटलं. आयुष्यभराचा शीण कुणीतरी अंगावरून उतरवून घेतोय असं. तेव्हाच त्याला कळलं, आणि असेल नसेल तेवढं बळ काढून त्याने दोराला तीन हिसके दिले.

दोर ताठ झाला. पट्टा छातीत रुतला. पाय तळावरून सुटले. तो वर निघाला, संथपणे, धक्क्याविना, बादली जायची तसा. तोंडाचा उजेडाचा गोल मोठा होत गेला. आणि टाकीवाला निम्म्यावर थांबला.

शिडी हाताच्या अंतरावर नव्हती. पट्टा श्वास घेऊ देत नव्हता. खालून वास चढत होता. त्याने पुन्हा तीन हिसके दिले. मग हिशेबच राहिला नाही, नुसता ओढत सुटला. वरून कुणीतरी बोललं. ना राग, ना घाई. काउंटरवरचा माणूस बोलतो तसा आवाज.

"निम्मंच धरतात."

मग बराच वेळ त्याला आपले पाय कुठे आहेत ते कळेना. आणि मग वरून दुसराच आवाज कोसळला. "भाऊजी! अहो भाऊजी! मेलात की काय!" दोराला वेडेवाकडे हिसके बसू लागले, ओढणारा शिव्या घालत होता, धापा टाकत होता, थुंकत होता, आणि टाकीवाला त्या गोलातून बाहेर उन्हात येऊन आपटला. मेहुण्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

दवाखान्याच्या खाटेवर बसून मेहुण्याने औषधाने हळदीसारखे पिवळे झालेले आपले पंजे दाखवले. दोराने कातडी सोलली होती.

"वर कोण होतं?" टाकीवाल्याने विचारलं.

"कुणी नव्हतं."

"दोर कुणी धरला होता मग?"

मेहुण्याने सोललेले पंजे मांडीवर उलटे ठेवले. मग म्हणाला, "दोराचं टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं. कशाला बांधलेलं नाही, कुणी धरलेलं नाही. आणि तुम्ही आत लटकत होतात. मी टोक उचललं तेव्हा कुठे तुमचं वजन हाताला लागलं."

डॉक्टरने टाकीवाल्याला टाकीत उतरायची बंदी केली. छाती आतून पोळली होती. धंदा विकावा तर दुसरं काही येत नव्हतं. मेहुणा म्हणाला, "मी उतरतो. तुम्ही तोंडावर उभे राहा. खांबाचं काम जमेल ना?" राखणदारी सोडून तो आला, आणि त्याच्या जिवाची काळजी आता टाकीवाल्याच्या गळ्यात पडली. निघताना बायको नवऱ्याला एवढंच म्हणाली, "माझा भाऊ आहे तो."

राहिलेलं काम पुरं करायला दोघं त्याच कारखान्यात आले. आधी खाणावळीत बसले. बाईने दोन ताटं आणली आणि तिसऱ्यासाठी जागा करू लागली.

"दोनच," टाकीवाला म्हणाला.

"आणि तो?"

"त्याला काढलं."

"बरं." ती बाकडं पुसत होती. "त्याला सांगितलंत का?"

टाकीवाल्याचा घास हातातच राहिला. मेहुण्याने एकदा बाईकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि दोघांचे पेले भरून घेतले.

जेवून मेहुणा खाली उतरला. टाकीवाल्याने पट्ट्याचा दोर कठड्याला दुहेरी गाठीने बांधला, वर स्वतःच्या मनगटाला एक वेढा दिला आणि तोंडावर उभा राहिला. उभं राहणं काय असतं ते त्याला तासाभरात कळलं. पोटऱ्या ताठल्या. अंधारात बघून डोळ्यांतून पाणी आलं, पण पुसता येईना, कारण हात दोरावर होता. पापणी मिटली की छातीत धस्स व्हायचं. खाली मेहुणा खरवडत होता, मध्येच गाळाला आईबहिणीवरून ऐकवत होता. जोवर शिव्या येत होत्या तोवर ठीक होतं. सदरा कोरडाच होता आणि तो थकून गेला होता.

ऊन कलायला लागलं. खालचा आवाज थांबला. टाकीवाल्याने दोर आवळला.

"भाऊजी," खालून मेहुणा म्हणाला, "तोंडावर दोघं दोघं कशाला उभे राहताय? उजेड अडतोय. एक जण बाजूला व्हा ना."

टाकीवाल्याने नजर खाली, मेहुण्याच्या डोक्यावरच ठेवली. समोरच्या काठावर बघितलं नाही. तो जागचा हलला नाही.

खाली उजेड वाढला.